टोबीचे शंभर ग्रॅम

वसईतल्या पापडी गावात कुणाकडे लग्न निघालं की मांडववाल्याला निरोप जायच्या आधी उर्सुलाबायला जायचा. स्वयंपाकी कुठूनही आणता येतात, पण मटणाच्या टोपाशी डाव घेऊन बसणारं माणूस सहज मिळत नाही. चारशेंचा अंदाज असताना साडेपाचशे माणसं आली, तरी उर्सुलाबाय टोपाशी असली की शेवटच्या पंगतीच्या ताटात पहिल्या पंगतीइतकेच तुकडे पडायचे. कसे, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिचा हात मोजका होता. कुणी चेष्टेत चिकट म्हटलं की मात्र तिला लागायचं. "चिकट माणूस स्वतःसाठी राखतो. मी शेवटच्या माणसासाठी राखते," ती म्हणायची, आणि म्हणणाऱ्याच्या ताटात मुद्दाम अर्धा डाव जास्त वाढायची.

घरातही तेच. तांदूळ वाटीने, तेल पळीने, केळीला पाणी बादल्या मोजून. वाडीत मोगरा होता तेव्हा कळ्या तोलायचा छोटा तराजू तिने मोगरा गेल्यावरही खिळ्याला टांगून ठेवला होता. बसणं मात्र तिला ठाऊक नव्हतं. रोझरीची माळसुद्धा, मण्यामागे एक नमो मारिया, ती अंगणात फेऱ्या घालत म्हणायची.

दोन हजार तीनच्या नाताळानंतर तिची धाकटी लेक जीना नर्स म्हणून कुवेतला निघाली. निघायच्या चार दिवस आधी तिने एका करंडीतून लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं. सायीच्या रंगाचं, दोन महिन्यांचंही नसलेलं.

"मम्मी, घरात कुणी नसलं की तू वेडी होशील. हा टोबी."

"तुझे पप्पा आहेत की."

"पप्पा पेपर वाचतात. त्यांना असलं-नसलं सारखंच." सिप्रियन पेपराआड हसला. "आणि ऐक, याला घरचं काही घालायचं नाही. पिल्लांचं सुकं खाणं मिळतं, तेच कोमट पाण्यात भिजवून. किती द्यायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं."

हे शेवटचं उर्सुलाबायला मनापासून आवडलं. मोजून द्यायचं म्हणजे तिच्या हातचं काम.

पाकिटावर सगळं इंग्रजी. वाचायचा मान सिप्रियनचा. तीस वर्षं बँकेत काढलेली, आकड्यांचा तक्ता पाहिला की त्याची मान ताठ व्हायची. त्याने चष्मा पुसला, पाकीट उभं धरलं आणि आधी पिल्लाचं वजन करून आण म्हणाला. वाण्याच्या काट्यावर टोबी साडेचार किलो भरला.

"हे बघ. वर किलो, बाजूला महिने. पाच किलोचा रकाना, दोन महिने. दिवसाला शंभर ग्रॅम. तिसऱ्या महिन्यातही जवळपास तेवढंच."

त्या दिवसापासून खिळ्यावरचा तराजू उतरला. एका पारड्यात शंभराचं वजन, दुसऱ्यात ते तपकिरी दाणे. मग चार वाट्यांत सारखी वाटणी. वाटी पुढे ठेवताना जेवणाआधीची प्रार्थना ती टोबीच्या वतीने मनातल्या मनात म्हणून टाकायची. टोबी प्रार्थना संपायच्या आत वाटी संपवायचा.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग त्या पिल्लाला काय झालं कळेना. ते एका जागी ठरेना. वाटी चाटून झाली की तीच वाटी घरभर लोटत न्यायचं. उर्सुलाबाय उठली की उठायचं, विहिरीकडे गेली की विहिरीकडे, आणि पायात येऊन तोंडाकडे बघत राहायचं. रडायचंही. मोठ्याने नाही, दाराची बिजागरी करकरते तसं बारीक, सारखं. तिने त्याला झोपवून पाहिलं, ओरडून पाहिलं. एकदा तर देवघरातल्या मेणबत्तीचा बुंधा त्याने खाल्ला, वातीसकट. तिने पवित्र मातेची माफी मागितली आणि टोबीच्या तोंडात बोट घालून मेण काढलं.

शेजारची क्लारा कुंपणाशी आली.

"उर्सुलाबाय, तुझ्या पोराने माझे वाळत घातलेले बोंबील नेले. काठी रिकामी."

"पोर कुठलं, कुत्रा आहे तो."

"कुत्रा असता तर दगड मारला असता. असा बघतो मेला, मारवत नाही." क्लाराने त्याला निरखलं. "तुला सांगू, ते सुकं खाणं गरम पडतंय त्याला. पोटात आग झाली की कुणीही धावत सुटेल. दहीभात घाल."

"घरचं घालायचं नाही म्हणून सांगितलंय. एकदा चव लागली की मग खाण्याला तोंड लावत नाहीत."

दहीभात तिने घातला नाही, पण गरम पडण्याची गोष्ट मनात राहिली. वसईच्या बाजारात जाऊन तिने दुसरं पाकीट आणलं. दुकानात सात-आठ तऱ्हेची मांडून ठेवलेली, प्रत्येकावर एकेक कुत्रा. कुठला उडी मारतोय, कुठला चेंडू पकडतोय. ती पाऊण तास उभी राहिली आणि ज्यावरचा कुत्रा पाय पसरून शांत पडला होता, ते घेतलं. सिप्रियनने नवा तक्ता वाचला. शंभरच्या जागी एकशे पाच आले. टोबीत फरक नाही. पंधरा दिवसांनी तिसरं पाकीट. दुकानदार म्हणाला, हे सगळ्यात महाग, यात मेंढीचं आहे, पचायला हलकं. तक्त्यात पुन्हा शंभरच. टोबीने ते पण पचवलं, आणि वर अंगणातला साबण.

आता तिलाही झोप लागेना. दर रविवारी जीनाचा फोन यायचा. "खातो ना व्यवस्थित?" "दाणा ठेवत नाही," ती सांगायची, आणि ते खरंच होतं. पण रिसीव्हर ठेवल्यावर तिला वाटायचं, पोरीने एक गोष्ट सोपवली आणि ती आपल्याला जमत नाही. पिल्लू आपल्या घरात सुखी नाही. का, ते कळत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इझाबेलच्या मुलाचं लग्न होतं, चार घरं सोडून. उर्सुलाबाय नेहमीप्रमाणे टोपाशी. दुसरी पंगत उठत होती आणि ती वाढप्याला काहीतरी सांगायला वळली, तेवढ्यात मागे भांडं आदळल्याचा आवाज झाला. झाकून ठेवलेली मटणाची परात उघडी, झाकण जमिनीवर, आणि टोबी परातीत चारही पायांनी उभा. दोरी चावून आला होता. बायका हसल्या, पोरं ओरडली. कुणीतरी म्हणालं, "उर्सुलाबायच्या राखणीतून पहिल्यांदाच काही गेलं." तिने त्याला उचललं तर तो तिच्या हातातूनही खालीच बघत होता, परातीकडे. त्या दिवशी शेवटच्या पंगतीला मटण कमी पडलं.

घरी आल्यावर सिप्रियनने फोन फिरवला. फुलपाड्याला विघ्नेश म्हणून त्याच्या बँकेतल्या मित्राचा मुलगा होता, हार्डवेअरचं दुकान. राखणीला कुत्रा हवा म्हणत होता. "शनिवारी दुपारी येतो म्हणाला. शब्द दिलाय मी. जीनाला मी सांगेन."

"एकदा डॉक्टरला दाखवून देऊ," उर्सुलाबाय म्हणाली. "आजारी जनावर कुणाच्या गळ्यात कशाला मारायचं?" खरं कारण ते नव्हतं. खरं कारण तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं. शनिवारपर्यंत तीन दिवस होते.

जनावरांची डॉक्टर क्षितिजा तिच्या जीनाच्याच वयाची. उर्सुलाबायने तिन्ही पाकिटांचे तुकडे कापून नेले होते. रिक्षात टोबीने त्यातला एक खाल्ला, उरलेले दोन तिने टेबलावर मांडले.

"डॉक्टर, यातलं याला कुठलं लागू पडेल ते सांगा. तीन झाली. प्रत्येकाने हा जास्तच पिसाळतो."

डॉक्टरने टोबीला काट्यावर ठेवलं. "पाच किलो दोनशे. तीन महिन्यांचा ना?" तिने त्याच्या दोन्ही कुशींवरून बोटं फिरवली, हळू, मग परत एकदा. "आँटी, तुमचा हात द्या."

तिने उर्सुलाबायची बोटं टोबीच्या केसांत खोल दाबली. मऊ लोकरीखाली एकेक बरगडी रोझरीच्या मण्यांसारखी हाताला लागली.

"दिवसाला किती देता?"

"शंभर ग्रॅम. तोलून. चार वेळा मिळून. एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही."

डॉक्टरने पाकिटाचा तुकडा उचलला. "पाच किलोचा रकाना पाहिलात?"

"तेवढंच तर वजन आहे त्याचं."

"आँटी, ते मोठेपणीचं वजन असतं. हा वाढून किती होणार ते धरून रकाना बघायचा. लॅब्राडॉर तीस किलो होतो. हे बघा, तीसचा रकाना, तीन महिने. तीनशेच्या वर." ती थांबली. "खाणं तिन्ही चांगली आहेत. हा पिसाळलेला नाही. भुकेला आहे."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर बाकावर कुणाचं मांजर ओरडत होतं. उर्सुलाबायला लग्नघरातली परात दिसली नाही, बोंबील दिसले नाहीत. तिला दिसली ती वाटी, घरभर लोटत नेलेली, तिच्या पायाशी आणून ठेवलेली. चार आठवडे ते जनावर तिला रोज सांगत होतं आणि ती पाकिटांवरचे कुत्रे बघत होती.

"आजपासूनच तीनशे देऊ?" तिने विचारलं.

"नको, पोट बिघडेल. रोज थोडं थोडं वाढवा, आठवडाभरात पूर्ण. आज दीडशे. तो मागेल. द्यायचं नाही."

घरी येऊन तिने सिप्रियनला सांगितलं. तक्ता कुणी वाचला हे ती बोलली नाही. तो उठला, चष्मा लावला, पाकिटाचा कापलेला तुकडा खिडकीशी नेला. मग तो घडी करून ठेवला आणि म्हणाला, "वर बारीक अक्षरात लिहिलंय. प्रौढ वजन." त्या दिवशी त्याने पेपर उघडला नाही.

शनिवारी विघ्नेश मोटरसायकलवर आला. पाणी प्यायला, टोबीचा जबडा उघडून दात पाहिले, पंजे पाहिले. टोबी तोवर दोनशे ग्रॅमवर आला होता आणि पहिल्यांदाच खाणं झाल्यावर अर्धा तास आडवा पडला होता.

"काका म्हणाले फार दंगा करतो. आता तर गरीब दिसतोय."

सिप्रियन बोलणार तेवढ्यात उर्सुलाबाय म्हणाली, "दंगा त्याचा नव्हता. आम्ही त्याला उपाशी ठेवला. चुकून, पण ठेवला. त्याच्यात खोट नाही, तेवढं तुम्हाला सांगायला हवं."

विघ्नेश खूश झाला. "मग तर झकासच, काकू. मला वाटलं होतं बांधूनच ठेवावा लागेल. चला, करंडी आहे का एखादी?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलून तिने टोबीला नेण्याजोगा करून ठेवला होता. ती आत गेली, करंडी घेऊन बाहेर आली आणि ती हातातच धरून उभी राहिली.

"खायला कोण घालणार?"

"दुकानात पोरं आहेत की. सकाळी एकदा, शटर पाडताना एकदा."

"चार वेळा लागतं त्याला. भिजवून. आणि सध्या रोज किती वाढवायचं ते ठरलेलं आहे."

"काकू, कुत्राच आहे. राहील दोन वेळेवर."

"राहील," उर्सुलाबाय म्हणाली. "राहतो तो. पाच आठवडे राहिला." आणि करंडी उचलून परत आत ठेवून आली. "नाही देत मी. तुम्हाला फेरा पडला, माफ करा. जेवून जा."

सिप्रियनने घसा खाकरला. "उर्सुला, मी शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही दिला होता. खायला मी घालते."

विघ्नेशने दोघांकडे पाहिलं, हसला आणि जेवायला बसला. त्याच्या ताटात भात वाढताना तिचा हात दोनदा थांबला आणि दोनदा पुढे गेला, शेवटी तोच म्हणाला, "बस, काकू, बस."

संध्याकाळी तिने टोबीची दिवसाची चौथी वाटी तोलली. पारडं बरोबर आलं, तरी तिने सगळं ओतून पुन्हा तोललं. तक्ता आता तिने स्वतः एकेक अक्षर लावत वाचला होता, तरी सिप्रियनला हाक मारून रकाना पुन्हा विचारला. त्याने बोट ठेवून दाखवला. टोबीने वाटी संपवली, चाटली आणि लोटत लोटत तिच्या पायाशी आणली.

डॉक्टरने सांगितलं होतं, मागेल, द्यायचं नाही. पाकीट हाताच्या अंतरावर होतं. उर्सुलाबाय उठली, परत बसली, परत उठली. मग तिने पाकीट सिप्रियनच्या हातात दिलं. "हे कपाटात ठेवा आणि किल्ली मला देऊ नका," ती म्हणाली, आणि पायरीवर येऊन बसली. टोबी तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या कुशीवर हात ठेवला आणि एकेक बरगडीवर एकेक नमो मारिया म्हणू लागली. न उठता.