सुतकात आलेला अल्बम

काकू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे शुक्रवार.

तो मंगळवार होता. मी ऑफिसच्या ड्रेसला इस्त्री करत होते. आई पलीकडून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गेली गो." मी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. काकूचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता, तिचा हात, काहीतरी. आला तो शुक्रवार. म्हणजे आता शुक्रवारी सुतक असणार, एवढंच. मग मी आईला धरलं आणि आम्ही पलीकडे गेलो. आईला वाटलं, धक्क्याने मी गप्प झालेय.

शुक्रवारी एक अल्बम येणार होता. जॅझ गाणारी एक बाई आहे, परदेशातली, आता वय झालेली. बरीच वर्षं तिने काही नवीन काढलं नव्हतं. आजारी आहे, आता गाणार नाही, असंही मध्ये वाचलं होतं. मग उन्हाळ्यात बातमी आली की नवीन अल्बम येतोय, आणि तेव्हापासून मी वाट बघत होते. अशी वाट मी दहावी-बारावीच्या निकालाचीही बघितली नव्हती, कारण तिथे मी पास होणार हे मला माहीत होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. आजोबा मिठागरात, वडील मिठागरात, नंतर बंदर आलं तेव्हा काका कंटेनर यार्डात वॉचमन. मी त्याच बंदराच्या कामाच्या एका ऑफिसात टेबलाच्या या बाजूला बसते. पहिली नोकरी मुंबईत होती. तिथल्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर दुपारी बारीक आवाजात ही बाई गायची. खरं सांगायचं तर मला ती आवडली ती आमच्यातली नव्हती म्हणून. आमच्याकडे गाणं म्हणजे हळदीचा डीजे, छातीत धडधडणारा. तो ज्यांना आवडतो त्यांच्यातली मी नाही, हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं. पुढे कधीतरी ते दाखवणं गळून पडलं आणि गाणं राहिलं. पण सुरुवात तशी झाली.

घर आमचं आणि काकांचं एकच, मध्ये एक भिंत. त्या भिंतीतून काकूने माझं सगळं जॅझ ऐकलं. तिला ते अजिबात आवडायचं नाही. मागच्या अंगणात भांडी घासताना ती म्हणायची, "तुज्या त्या बायला सकालपासून कोनी चा दिला न्हाय का गो? आवाजच निगत न्हाय तिचा." किंवा आईला हाक मारून, "वैनी, तुमची पोर परत त्या झोपाळू बायला घेऊन बसलीय, आता मला पन झोप येतंय." मी भिंतीला तोंड लावून म्हणायचे, "काकू, कान बंद कर." ती म्हणायची, "कान तुजे काकांचे बंद हायत, माजे न्हायत." काकांना एका कानाने खरंच कमी ऐकू येतं.

शुक्रवारची मी रजा घेतली होती. गाणी ऐकायला रजा पाहिजे असं ऑफिसात सांगता येत नाही. म्हणून घरी सत्यनारायणाची पूजा आहे असं सांगितलं. आमच्याकडे पूजेला कोणी नाही म्हणत नाही. साहेबांनी उलट प्रसाद आणायला सांगितला. बेत असा होता की आई बाजारात गेली की दार लावायचं, नवीन हेडफोन घालायचे आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मध्ये उठायचं नाही. मंगळवारी मी फोन करून सांगितलं की काकू वारली. साहेब म्हणाले, "अरेरे, आणि शुक्रवारी पूजा होती ना तुमच्याकडे." मी हो म्हटलं. आता पूजा राहिली म्हणून ते हळहळत होते, आणि मी फोन धरून ती हळहळ ऐकून घेत होते.

काकूला मुलगी नव्हती. एक मुलगा, तो ट्रेलरचा धंदा करतो. आमच्याकडे मयतीला लेक पाहिजे असं बायका मानतात. लेक आली, हेल काढून रडली, आईच्या एकेका गोष्टीची आठवण काढत रडली, म्हणजे माणूस नीट गेलं. सून रडते, पण सुनेच्या रडण्याला कोणी तेवढा मान देत नाही. त्या दिवशी ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक, काकूचीच मावसबहीण, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "लेक न्हाय तं मयतीला आवाज न्हाय. आनि ही पुतनी बगा. हिच्या डोल्यात पानी तरी हाय का?"

मी समोरच होते. मला रडायला येत नव्हतं असं नाही. मला मोठ्याने रडता येत नाही. शिकले तेव्हापासून मी अशा रडण्याला नाटक म्हणत आलेय, तोंडावर म्हणत आलेय. सुतकालाही. मागे लांबच्या भावकीतलं कोणी गेलं होतं तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठून भाषण केलं होतं की फोडणी न घातल्याने मेलेल्या माणसाला काय मिळतं ते मला कोणीतरी सांगा. तेव्हा काकू म्हणाली होती, "बरां बाय, मी मेलं का तू घाल फोडनी." सगळे हसले होते.

आता फोडणी नव्हती, तळण नव्हतं, देवाजवळ दिवा नव्हता, टीव्हीवर चादर टाकलेली होती, आणि मला कोणीही कशाला अडवलं नसतं. हेडफोन कपाटात होते. शिकलेल्या माणसाने सुतक मानू नये असं मीच सांगितलेलं होतं. पण माझ्या आत जे होतं ते सुतक न मानणं नव्हतं. मला फक्त माझी गाणी हवी होती आणि त्यात काकू आडवी आली होती. एवढं साधं, एवढं हलकट. म्हणून मी ठरवलं की ऐकायचं नाही. कुणाला दाखवायला नाही, स्वतःला धाक म्हणून.

धाकटी बहीण पेणला दिलेली. ती मंगळवारी दुपारी आली, माझ्यासारखीच गप्प बसली, डोळे पुसले, भाकऱ्या थापल्या. गुरुवारी निघाली. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची. तिने डोक्यावरून आंघोळ केली की ती सुटली. मी थोरली, पण लग्न न केलेली, म्हणून सगळं सुतक मला. स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा तिने विचारलं, "उद्या तुझ्या बाईचं आहे ना?"

"तुला कसं माहीत?"

"सहा महिने तेच तर ऐकतेय. तू ऐकणार?"

"नाही."

"ओ हो. फोडणीवाली मॅडम सुतक पाळणार."

"गप बस. लोक ऐकतात."

"मग मी ऐकू? मला चालतं आता." ती एसटीत चढली आणि खिडकीतून म्हणाली, "तुला सांगते कशी आहे ती."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

शुक्रवारी दुपारी बसायला आलेल्या बायका जेवून आडव्या झाल्या होत्या. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते, काकूच्याच दगडावर. धाकटीचा फोन आला. तिच्या स्वयंपाकघरात कुकर होत होता.

"ताई, लावलंय मी. तिसरं चाललंय. पहिल्यात एक पिपाणीवाला आहे, आपल्या हळदीच्या बँडमध्ये असतो तसा, पण झोपेतून उठवलेला. दुसरं बरं आहे. तिसऱ्यात कोणी वाजवतच नाही गो, ती एकटीच. ही गाते का रडते?"

"म्हणजे कशी?"

"मला नाही सांगता येत. थांब, ऐकवते."

"नको," मी म्हटलं. फोन मात्र कानाला तसाच राहिला.

तिने तिचा फोन नवऱ्याच्या फोनजवळ धरला असणार. आवाज आला, पातळ, जुन्या रेडिओवरून यावा तसा. तीच बाई, पण म्हातारी झालेली. सूर लागता लागता तुटत होता आणि ती तो तुटू देत होती. शब्द मला कळत नव्हते, तिथून काही कळण्यासारखं नव्हतंच. मधूनच नुसतं गुणगुणणं, खालच्या पट्टीत, आणि मध्ये श्वास घेतलेला ऐकू येत होता. राखेचे हात तसेच वर धरून, फोन खांद्याने कानाशी दाबून मी बसून राहिले. नीट ऐकू येईना म्हणून मनगटाने स्पीकर चालू केला, फोन भांड्यांच्या टोपल्यावर ठेवला. हे मी केलं. धाकटीने नाही, मी.

मागून काकांनी विचारलं, "कोन हाय गो?"

ते दारात उभे होते, बनियनवर, हातात पाण्याचा तांब्या. डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले, त्यामुळे ते दुसरेच कोणी वाटत होते.

"धाकटी," मी म्हणाले. तिचाच फोन होता. मी खोटं बोलले नाही.

"रडतंय?"

बाई पुन्हा खाली उतरली होती आणि तिथेच घुटमळत होती.

काकांनी तांब्या खाली ठेवला, वाकून फोन उचलला आणि चांगल्या कानाला लावला. मला उठून तो काढून घेता आला असता. गाणं आहे काका, एवढं म्हणता आलं असतं. हात राखेने भरलेले होते, हे काही कारण नव्हे. मी बघत राहिले. ते ऐकत होते. डोळे मिटले होते. मग त्या बाईला, जी कुठल्या देशात कुठल्या खोलीत गायली असेल तिला, ते म्हणाले, "उगी. उगी बाय. तुजी काकू बरी गेली. तरास न्हाय झाला तिला. उगी रव."

पलीकडे आवाज एकदम थांबला. धाकटीने बंद केलं.

"रायली उगी," काका मला म्हणाले. फोन माझ्याकडे द्यायला पुढे केला, मग माझे हात बघून पुन्हा टोपल्यावर ठेवला. "तिला सांग, जेव म्हनावं." तांब्या तिथेच विसरून ते आत गेले.

धाकटी फोनवरच होती. मग ती म्हणाली, "तू काय केलंस, ताई?" मी म्हटलं, "तू लावलंस." ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी लावलं होतं. तू स्पीकरवर का टाकलंस?" तिच्याकडे शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

काका आत जाऊन गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं. पण ते ओटीवर गेले आणि त्या मावसबहिणीला म्हणाले, "धाकटी पुतनी लय रडतंय गो. फोनवर ऐकलं मी. हुंदक्याला हुंदका लागलाय तिचा." ते सांगताना त्यांचा आवाज मंगळवारपासून पहिल्यांदा मोकळा होता. म्हातारी म्हणाली, "मग. पोटची न्हाय तरी लेकच ती. तिचा आवाज पोचला असल." आणि एकीला रडू आलं, मग दुसरीला, आणि ओटीवरच्या सगळ्या बायका त्या दुपारी मनापासून रडल्या. मी आत चहाचं आधण ठेवलं.

दहाव्याला धाकटी आली. खाडीवर पिंडाला कावळा शिवला, प्रवचन झालं, आणि घरी आल्यावर काकांनी तिला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता न्हाय ना रडत?" तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती सांगणार. ती पटकन बोलणारी आहे, माझ्यापेक्षा सरळ. पण तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती खरंच रडायला लागली, हेल काढून, काकूने आमच्या वेण्या घातल्या होत्या त्याची आठवण काढत, काकूने तिला पोहायला शिकवलं होतं त्याची आठवण काढत. असं रडणं तिला येतं हे मला माहीत नव्हतं. ते लाजेचं होतं, काकूचं होतं का दोन्हीचं, मी विचारलं नाही. काका "उगी, उगी" करत होते. आणि माझ्या मनात आलं ते हे, की हिच्या आवाजात आणि त्या आवाजात काही फार फरक नाही. मेलेल्या बाईच्या घरात, बहीण रडत असताना, मी तुलना करत होते.

जाताना दारात तिने मला बाजूला घेतलं. "सांगायचं नाही," ती म्हणाली. "कधीच. समजलं?"

"समजलं."

"आणि ते गाणं परत माझ्यासमोर लावायचं नाही."

सुतक संपून बरेच दिवस झाले. अल्बम आता मी ऐकते, हेडफोन घालून. चांगला आहे. काही ठिकाणी फार चांगला आहे. तिसरं गाणं आलं की पुढे सरकवते. ते नीट ऐकलं तर ते मला आवडेल, आणि तेवढं मला नको आहे.

संध्याकाळी काका भिंतीपलीकडून हाक मारतात. पहिल्यांदा चहा झाला का विचारतात आणि मग, "पेनवाली कशी हाय? रडत न्हाय ना?"

"नाही काका. बरी आहे आता."

"तिला येवडी माया असल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणतात. "तुजं म्हाईत होतं. तू पयल्यापासून घट्ट मनाची."

"हो," मी म्हणते.