आत्याची दाढ

लवंगेच्या तेलाचा वास आला की नव्वदच्या दशकातली ती एसटी आठवते. आत्याला महिनोन्महिने झोप नव्हती, चुलीपाशी बसल्या बसल्या ती रडायची. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, ठाण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. वडील तिला आणि मला घेऊन निघाले. पण ठाण्याला वेड्यांनाच नेतात असं लोक म्हणायचे, म्हणून गाडीत शेजारीण भेटल्यावर वडील घाईने म्हणाले, “हिची दाढ दुखते.” “मंग पेणलाच उतरा, माझा भाचा दातांचा डॉक्टर हाय,” म्हणत ती सोबतच आली. भाच्याने एकेक दाढ ठोकून पाहिली, दुखणारी सापडेना. आत्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एका दाढेवर बोट ठेवलं. ती त्याने उपटली. “आता बरं वाटतंय ना गो?” शेजारणीने विचारलं. लवंगेच्या तेलाचा कापूस तोंडात धरून आत्याने मान डोलावली. ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. हल्ली मलाही झोप लागत नाही. कुणी विचारलं, की मी दाढेचं सांगते.