तळघरात मांडलेला कॅरम

सौंसरला आमचं घर उतारावर होतं. रस्त्यावरून पाहिलं तर एकमजली, मागच्या नाल्याकडून पाहिलं तर दुमजली. रस्त्याच्या पातळीखाली गेलेल्या खोलीला आम्ही तळघर म्हणत असू. आबाजी, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, तिथं संत्री ठेवत. पुढं वय झालं तसे ते बगीच्यातली संत्री झाडावरच व्यापाऱ्याला विकू लागले आणि तळघरात रिकाम्या पेट्या आणि तणस तेवढं उरलं.

मी पाचवीतून सहावीत गेले त्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी बाबा हरवले. बाबा तहसील कचेरीत होते, कुणाला न सांगता कुठं जाणारे नव्हते. आईनं भावाला बसस्टँडवर पाठवलं, मला शेजारी. दोन तासांनी ते तळघराच्या जिन्यातून वर आले, केसांत तणसाच्या काड्या. खाली हातोडी शोधायला गेले होते आणि गारव्यात झोप लागली होती.

"आपण वर टिनाखाली भाजून राह्यलो," ते म्हणाले, "अन् खाली जामसांवलीच्या मंदिरासारखं थंडगार हाये."

तिथंच ठरलं. तळघर नीट करायचं, घरातल्या सगळ्यांनी बसायला-खेळायला. आबाजी मात्र चिडले. "तिथं माल राह्यते. माणसं नाई राहत."

बाबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी आबाजींची गादी खाली नेऊन टाकली. आबाजी कुरकुरत गेले, चार वाजता उठले आणि म्हणाले, "मिस्त्री पांढुर्ण्याचा बोलाव. इथच्याले भिंतीतली ओल समजत नाई."

पांढुर्ण्याचा मिस्त्री महिनाभर रोज सकाळच्या बसनं यायचा. पहिल्या दिवशी त्यानं रस्त्याकडच्या भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "ही भिंत पानी पिऊन राह्यली," तो म्हणाला. मग भिंतीच्या पायाशी बोटभर खोल नाली काढून तिला नाल्याकडं उतार दिला, जुना गिलावा खरवडला, नवा केला, खाली शहाबादी फरशी बसवली. पेट्यांच्या फळ्यांपासून त्यानं दोन बाकं आणि एक मांडणी ठोकून दिली. चुन्याचे तीन हात दिले तरी संत्र्यांचा वास काही गेला नाही. आई म्हणाली, राहू द्या, चांगलाच तर आहे.

खोली एकच, पण प्रत्येकानं तिच्यात आपापली जागा धरली. बाबांनी टीव्ही आणला. आबाजींचा तखत भिंतीपासून हातभर दूर लागला. भावाचा कॅरम मधोमध. मागच्या दाराशी उजेड चांगला म्हणून आईची शिलाई मशीन तिथं. मला मांडणीचा खालचा कप्पा मिळाला, पुस्तकांना आणि चिंचोक्यांना.

टीव्हीनं पहिल्याच दिवशी परीक्षा पाहिली. अँटेना छतावर, टीव्ही जमिनीखाली. भाऊ छतावर अँटेना फिरवायचा, मी जिन्यात, बाबा पडद्यासमोर. बाबा ओरडायचे "आलं!", मी वर ओरडायची "आलं!", तोवर खाली चित्र गेलेलं असायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला आणि नागपूरची बातमी सांगणारी बाई अर्धी दिसली. अर्ध्यावरच सगळे खूश झाले.

खरा रंग भरला तो कॅरमला. आबाजी, बाबा, भाऊ आणि मी. आबाजींना हरणं अजिबात खपत नसे, आणि मी नेहमी त्यांच्याच जोडीला यायची. माझा स्ट्रायकर सोंगटी सोडून सगळीकडं जायचा.

आई खेळात नसायचीच. ती आबाजींसमोर डोक्यावर पदर घेऊनच वावरायची, त्यांच्यापुढं कधी बाकावर, खुर्चीवर बसलेली मी पाहिली नव्हती. काही सांगायचं असलं तर ती मला सांगायची आणि मी आबाजींना, जरी आम्ही तिघं एकाच खोलीत असलो तरी. मशीनही तिनं दाराकडं तोंड करून मांडली होती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बाबांना कचेरीतून यायला वेळ होता, म्हणून भावानं शेजारचा मित्र घेतला होता. आबाजी आणि मी हरत होतो. माझी पाळी आली. आई शिवलेलं पोलकं मला मापाला लावायला उठून आली होती. माझ्या खांद्याशी वाकून ती हळूच म्हणाली, "कोपऱ्यातली सोड. मधली घे, आडवी मार."

मी मारली. सोंगटी सरळ भोकात गेली.

पुढच्या पाळीला पुन्हा ती कुजबुजली, पुन्हा गेली. आबाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कोन सांगून राह्यलं तुले?"

आई मापाची पट्टी गुंडाळत मागं सरली.

"सूनबाई," आबाजी म्हणाले, "पोरगी माही हारून राह्यली. तिच्या जागेवर तू बस."

आईनं सवयीनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी सांगावं म्हणून. मी बाकावरून उठले. मग तीच बोलली, "राहू द्या न, मामंजी. शिवण पडलं हाये."

"शिवण पळून जात नाई. बस."

ती बाकाच्या अगदी कडेला बसली. स्ट्रायकर हातात घेतल्यावर मात्र तिचा हात घरातल्या आईचा राहिला नाही. बोट एकदम सैल, मनगट घट्ट. पहिली सोंगटी गेली, दुसरी गेली. वाकली की पदर डोळ्यावर यायचा, ती डाव्या हातानं तो मागं सारायची, पुन्हा नेम धरायची, पुन्हा पदर यायचा. तिसऱ्यांदा नेम चुकला.

आबाजी पावडरीच्या डब्याकडं बघत म्हणाले, "तो डोक्यावरचा राहू दे आता. नेम चुकवून राह्यला."

आईनं पदर खांद्यावर घेतला, कमरेला खोचला आणि पुढच्या पाळीला राणी घेतली. लगेच कव्हरही केली. आबाजींनी मांडीवर थाप मारली, "बम खेळते हे!"

बाबा केव्हा येऊन जिन्यात थांबले होते कुणास ठाऊक. हातात पिशवी तशीच. डाव संपल्यावर ते आईला म्हणाले, "तुले येते हे मले माहीतच नाई."

"पांढुर्ण्याले भावांसंगं खेळत जाओ न आम्ही रोज," आई म्हणाली. "सांगून काय कराव? बोर्ड कुठी होता आपल्या घरी?"

बाबांच्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. दुसऱ्या रविवारी छिंदवाड्याहून त्यांनी तिच्यासाठी नवा स्ट्रायकर आणला, दुधी रंगाचा, जरा जड. तो दुसऱ्या कुणी हातात घेतलेला आईला चालत नसे.

त्यानंतर आबाजी आणि आई ही जोडी ठरून गेली. जिना चढून वर आली की आई पुन्हा पदर घ्यायची, पण खाली नाही. खाली ती आबाजींना सरळ सांगायची, "मामंजी, तुम्ही घाई करता," आणि आबाजी ऐकून घ्यायचे. मला निरोप्याच्या कामातून कायमची सुट्टी मिळाली.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग आबाजींच्या गुडघ्यांनी जिना बंद केला. आठवडाभर ते वरच्या बैठकीत नुसते बसून राहिले. शेवटी एके सकाळी भावाला म्हणाले, "बोर्ड वर आण. अन् आईले बोलाव."

बैठक रस्त्यावरच, दार सताड उघडं. आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात घुटमळली. आबाजींनी सोंगट्या लावायला घेतल्या. ती आली, समोर बसली, आणि पदर खांद्यावर घेऊन कमरेला खोचला.

डाव अर्ध्यावर असताना विरजण मागायला आलेली शेजारची काकू दारातच थबकली. वाटी हातात धरून ती एकदा आईकडं बघे, एकदा आबाजींकडं.

"या, बसा," आबाजी मान वर न करता म्हणाले. "हा डाव होऊ द्या. पुढच्यात तुम्हाले घेतो."