कठडा मजबूत आहे

मुलगी महापालिकेच्या शाळेत होती म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. "कोण होतंय अध्यक्ष?" असं विचारल्यावर बाकीचे पालक खाली बघत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो, एवढीच माझी पात्रता.

सभा क्वचितच भरायची. शिपाईमामा इतिवृत्ताची वही घेऊन बिबवेवाडीला माझ्या दुकानात यायचे आणि मी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सही ठोकायचो. सहीखाली दोन टिंबंही द्यायचो, ऐटीत.

एका पानावर लिहिलं होतं, की समितीने जिन्याच्या कठड्याची पाहणी केली, कठडा मजबूत आहे. महिन्याभरात तो निखळला आणि तिसरीतली एक मुलगी खाली पडली. तिचं कोपर मोडलं. कठडा मजबूत असल्याचं माझ्या सहीने आधीच ठरलं होतं, त्यामुळे शाळेच्या अपघात-अहवालात दोष मुलीचा निघाला. म्हणे, ती त्यावर लोंबकळत होती.

तिची आई शाळेत आली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी मलाही बोलावून घेतलं. "साहेब, तुम्ही कठडा हलवून बघितला होता का?"

"नाही ताई. मी बघायला आलोच नव्हतो."

मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "अहो अध्यक्ष, हे आपल्याला जरा आधी आठवायला हवं होतं. अहवाल वर गेलाय."

आईने मुलीचा दाखला मागितला. बाईंनी शाळा सोडण्याचं कारण विचारलं.

"लिहा, पोरगी मस्ती करते. साहेबांनी सही केलीय ना तशी."

बाईंनी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो.