माशांचा गूळ

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, आधी शुगर खाली आणा, मगच डोळ्यांना हात लावतो. शुगर काही ऐकेना. तेव्हा कुणीतरी आईला सांगितलं, पेशंटच्या हातून अकरा शनिवार माशांना कणकेचे गोळे घाला. मिहानमधल्या माझ्या ऑफिसला शनिवारी सुट्टी, म्हणून बाबांना अंबाझरी तलावावर न्यायचं काम माझ्याकडे आलं.

आईला कुणालाही कच्चं वाढणं जमत नाही. तिने कणीक तुपात भाजली, वर भरपूर गूळ घातला. "मासे झाले म्हणून काय झालं? त्यायले चव नाही काय?"

बाबांनी जन्मभर या तलावावरचे पक्षी पाहिलेले. पाणकावळा कोणता, बुड्या मारणारी टिबुकली कोणती, लांबूनच सांगायचे. आता त्यांना एकच पक्षी उरला होता. पाण्यातल्या वाळक्या झुडपावरचा पांढरा बगळा.

"पाह्य वं, काय ध्यान लावून राहिला. मागच्या शनिवारीही तिथंच होता."

ती झुडपात अडकलेली प्लॅस्टिकची पन्नी होती. माझ्याने सांगवेना. मी "हो बाबा, भारी आहे" म्हणायचे आणि पायरीवर मोबाइल बघत बसायचे.

चार शनिवार झाले आणि शुगर वाढली. मी श्रद्धेने नेत नाही, असं म्हणून आईने माझ्यावर खापर फोडलं. पाचव्या शनिवारी शेजारी एक काका मुरमुरे टाकत होते. त्यांच्या पायाशी माशांची झुंबड. आमच्याकडे एक मासा फिरकत नव्हता. महिनाभर जेवू घातलेल्या पाहुण्यांनी साधी ओळखही दाखवू नये? मी बाबांकडे वळले. डबा रिकामा होता आणि मिशीला कणीक.

"बाबा."

"मासा कुठं आहे ते मले दिसून नाही राहिलं वं," ते शांतपणे म्हणाले. "माहं तोंड सापडते."

मला हसू आवरेना, आणि धास्तीही वाटली. असंच चाललं तर हा माणूस पुन्हा पक्षी बघणार नव्हता.

आईला खरं सांगितलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "आई, गुळाने माशांनाही शुगर होते म्हणे." आई हबकलीच. पुढच्या शनिवारपासून गोळे कच्चे, बिनगुळाचे, वर माशांच्या तब्येतीसाठी मेथीची पूड. बाबांनी एक चाखला आणि सगळा डबा पाण्यात उपडा केला. मासे तुटून पडले.

शुगर उतरली. आई अजूनही श्रेय माशांना देते. ऑपरेशन झाल्यावर आम्ही पुन्हा तलावावर गेलो. बाबांनी त्या झुडपाकडे बराच वेळ पाहिलं.

"काहून नाही सांगतलं वं मले?"

"तुम्ही आईला सांगितलं का?"

बाबांनी दूर बोट केलं. "ते पाह्य, टिबुकली. ते तरी खरी आहे ना?"

मी डोळे ताणून पाहिलं. मला तिथे नुसतं पाणी दिसत होतं.

"खरी आहे, बाबा," मी म्हटलं. "मस्त पोहतेय."

"खोटं काहून बोलून राहिली वं? तिनं कवाचीच बुडी मारली."