एफीच्या खालच्या खोलीतले पाहुणे

स्कॉटलंडच्या ल्युइस बेटावरच्या त्या गावात प्रभुभोजनाचे दिवस आले की लांबलांबच्या चर्चच्या मंडळ्यांमधली माणसं उपासनेला येत आणि सोमवारपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरत. चर्चच्या दारात पाहुणा उभा राहून गेला, असं होऊ द्यायचं नाही. एफी मॅकइव्हर शनिवारीच रविवारचे बटाटे सोलून ठेवी, कारण रविवारी काम वर्ज्य, सुरीलाही हात लावायचा नसे.

स्वतः एफी मात्र प्रभुभोजन घ्यायला प्रभूच्या मेजाशी कधी गेली नव्हती. साठी उलटली तरी ती मागच्या बाकावरच बसे. आपली तेवढी लायकी नाही असं तिला मनापासून वाटे, आणि गावात तसं वाटणारी ती एकटी नव्हती. पण मेजाशी जाणाऱ्यांना जेवू घालावं, त्यांची अंथरुणं घालावीत, एवढं देवाने आपल्याकडे सोपवलंय असं ती धरून चाले. खालची खोली दक्षिणेकडच्या हॅरिस भागातल्या जुन्याजाणत्या टॉर्मोद यांची. तिचा नवरा हयात होता तेव्हापासून ते तिच्याकडेच उतरत.

त्या वर्षी त्यांचा निरोप आला की गुडघे धरलेत, जमणार नाही. एफीचा जीव हिरमुसला. रिकामी खोली बघवेना. शनिवारी दुपारी तिला चर्चच्या भिंतीशी दोन परके पुरुष भिजत उभे दिसले. काळे कोट, खांद्याला काळ्या चामड्याच्या पिशव्या. आत बायबल असणार, दुसरं काय?

"कुणाकडे उतरलात?"

"कुणाकडेच नाही अजून."

"मग चला माझ्याकडे. असं काय उभं राहायचं?"

संध्याकाळी रस्सा वाढून तिने थोरल्याला प्रार्थना करायला सांगितलं. तो गडबडला. "वास फार छान येतोय. आभारी आहोत," म्हणाला. लाजाळू दिसतोय बिचारा, असं एफीला वाटलं.

तेवढ्यात दाराशी मोटार थांबली. काठी टेकत टॉर्मोद आत आले. "पुतण्याने उचलून गाडीत टाकलं बघ. या वर्षी नाही आलो तर पुन्हा कधी?"

एफीच्या हातातला डाव तसाच राहिला. टॉर्मोद पाहुण्यांकडे वळले. "कुठल्या मंडळीचे तुम्ही?"

"मंडळी? आम्ही हॉलंडचे," थोरला म्हणाला. "पक्षी बघायला आलोय." पिशवीतून त्याने दुर्बीण काढून दाखवली.

 मग टॉर्मोद हळूच म्हणाले, "एफी, शहरातल्या हॉटेलाकडे जाणारी शेवटची बस अजून गेलेली नाही."

पाहुणे चटकन उठले. "आम्ही जातो. आमचीच चूक झाली."

एफीने खुंटीवरच्या त्यांच्या ओल्या कोटांकडे पाहिलं, मग टॉर्मोद यांच्या गुडघ्यांकडे. टॉर्मोद रागावून शेजारच्या दोलिनाकडे उतरायला गेले तर देवाने सोपवलेलं आपल्याकडे राहिलं काय?

"बसा खाली," ती पाहुण्यांना म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "मंडळी विचारून नाही आणलं मी तुम्हाला. भिजताना पाहिलं म्हणून आणलं. टॉर्मोद, तुम्ही माझ्या खाटेवर निजा. मी इथे बाकावर पडेन."

"तुझ्या खाटेवर? तुला बाकावर निजवून सोमवारी हॅरिसच्या लोकांना तोंड कसं दाखवू?"

"मग दोलिनाकडे जागा असेल..." तिला पुढे बोलवेना.

"दोलिनाचा रस्सा खाल्लायस कधी?" टॉर्मोदनी काठी भिंतीला टेकवली आणि ते चुलीजवळच्या लांब बाकावर बसून गुडघे चोळायला लागले. "बाक मला चालेल. ऊब लागते इथे. फक्त उशी जरा बरी दे, मागल्या खेपेसारखी दगडाची नको."

एफीने त्यांचं ताट वाढलं. हॉलंडवाले अजून अवघडूनच बसले होते. टॉर्मोदनी त्यांच्याकडे बटाट्यांचं भांडं सरकवलं.

"पुढच्या वर्षी येताना मीही दुर्बीण आणतो, एफी. म्हणजे खोली तरी मिळेल."

पुढच्या वर्षी! म्हणजे रागावले नव्हते ते. एफी उशी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेली आणि तिने स्वतःच्या खाटेवरची मऊ उशी उचलली.