धूर न दिसलेलं घर

नोल्फा बार्रिया घाबरट आहे. हे मी तिच्या माघारी बोलत नाही. तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं. आम्ही दोघी खात्याच्या गाडीतून उतरलो, तिने पिवळं जाकीट चढवलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाली, “आयलीन, एक सांगून ठेवते. मला कुत्र्यांची भीती वाटते, ओरडणाऱ्या बायकांची वाटते, आणि न ओरडणाऱ्या पुरुषांची सगळ्यांत जास्त वाटते. तेव्हा तू पुढे चाल.”

“मग ही नोकरी करतेस कशाला?”

“पोरीसाठी.”

पोर म्हणजे यास्ना, वय वर्षं नऊ. हिवाळा लागला की तिच्या छातीतून शिट्टी वाजते. आमचं गाव कोयायके, खोऱ्यात बसलेलं. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, तेव्हा वारा पडला की गार हवा गावावर झाकणासारखी बसते आणि घराघरातल्या लोखंडी चुलींचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. भरदुपारी समोरचा मॅकाय डोंगर दिसत नाही. यास्नाला दोनदा निळी पडलेली बघून नोल्फाने अर्ज भरला. तिला कुणी सांगितलं होतं की धूर पकडायची माणसं हवी आहेत.

काम साधं आहे. मान वर करून चालायचं. ज्या दिवशी सरकार धुराची आणीबाणी जाहीर करतं, त्या दिवशी धुराड्यातून धूर दिसता कामा नये. चूल पेटवताना पंधरा मिनिटं माफ. सोळाव्या मिनिटालाही धूर असला, की घर लिहून घ्यायचं. मग वरून नोटीस जाते. घरात शिरायची आम्हाला परवानगी नाही. रस्त्यावर उभं राहायचं, घड्याळ बघायचं, पाय आपटत राहायचं आणि लोकांचं ऐकून घ्यायचं.

आणि लोक सोडत नाहीत. त्यात नोल्फा लाकूडवाल्या बार्रियाची मुलगी. बाप वारला तेव्हा अर्ध्या गावाच्या अंगणात त्यानेच आणून टाकलेलं लाकूड रचलेलं होतं.

“अगं ए, बार्रियाची ना तू? बापाने आम्हाला ओलं लाकूड विकलं, आता लेक त्याचाच धूर पकडते! घरचाच धंदा झाला की!”

ही एदुविना. चढावरच्या शेवटच्या गल्लीत राहते, आणि कुंपणावर हात टेकून बोलायला तिला कुठलंही हवामान चालतं. एकदा तिने चुलीची राख बादलीभर आमच्या पायाशी ओतली. “घ्या, हीसुद्धा लिहून घ्या,” म्हणाली. नोल्फा माझ्या मागे सरकली आणि कोपरा वळेपर्यंत माझी बाही सोडली नाही.

एदुविनाच्या समोर फ्लोरिदोर मानसिया राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा. सोबतीला कापितान नावाचा कुत्रा, जो माणसावर कमी आणि पिवळ्या जाकिटावर जास्त भुंकायचा. आम्ही त्याला ताता, म्हणजे आजोबा, म्हणायचो, सगळी गल्लीच म्हणायची.

मंगळवारी दुपारी चारला त्याच्या धुराड्यातून धूर निघाला. पांढरा, जाड, मेंढीच्या लोकरीसारखा. मी घड्याळ लावलं. म्हातारा किटली हातात घेऊन दारात आला.

“कोण ते? लाकूडवाल्याची पोर का? ये आत, कडू चहा टाकलाय.”

“आत येता येत नाही, ताता. नियम आहे.”

“बाहेर उभं राहून माझ्या छपरावर डोळा ठेवायचा नियम आहे, आत येऊन चहा प्यायचा नाही. छान! सरकार शहाणं आहे.”

कापितान कुंपणावर पंजे टाकून भुंकत होता. नोल्फा माझ्या मागूनच बोलत होती. “ताता, लाकूड ओलं आहे तुमचं.”

“आहेच ओलं. जुलैत सुकं कुठून आणू? तुझ्या बापाला विचार.”

“सरकार शेगडी देतंय ना, भुशाच्या गोळ्यांची. यादीत नाव घालू तुमचं?”

“आणि बदल्यात माझी चूल नेणार. त्या शेगडीला वीज लागते, पोरी. बर्फात तार तुटली की मी काय त्या गोळ्या चघळत बसू?”

मला हसू आलं. नोल्फालाही आलं असतं, पण मी तिच्या कानात म्हणाले, “अठरा मिनिटं झाली.” तिचा चेहरा उतरला.

तिने लिहायला हवं होतं. तिने लिहिलं नाही. हातातली नोंदीचा कागद लावलेली पाटी छातीशी धरली आणि लिहायच्या ऐवजी आवाज चढवला. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भित्र्या माणसाचा राग जरा जास्तच मोठा निघतो.

“आज सोडते. पण उद्याही आणीबाणी आहे. उद्या या धुराड्यावर मला धूर दिसला नाही पाहिजे. एक फुंकरसुद्धा नाही! दिसला तर माझ्या हातात काही राहणार नाही, ताता. वरचे लोक येतील.”

“येऊन काय करतील?”

“ते मला माहीत नाही.”

तिला चांगलं माहीत होतं. एक कागद चिकटवून जातील, फार तर दुसरा. पण म्हाताऱ्याने ते ‘माहीत नाही’ ऐकलं. त्याने एकदा घराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. किटली दुसऱ्या हातात घेतली.

“नाही दिसणार,” म्हणाला. “शब्द.”

बुधवारी सकाळी साडेनऊला उणे तेरा होतं. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. आम्ही चढ चढलो. गल्लीत बहुतेक धुराड्यांवर थोडा थोडा चोरटा धूर होताच. ताताच्या घरावर काहीच नव्हतं. स्वच्छ. धुराड्याच्या तोंडावर फक्त आकाश.

“बघ!” मी खूश होऊन म्हणाले. “पाळला की शब्द म्हाताऱ्याने!” आणि मी पाटीवर ‘धूर नाही’ च्या चौकोनात खूण केली.

नोल्फा दहा पावलं पुढे गेली आणि थांबली.

“कापितान भुंकला नाही.”

“बरंच झालं. तूच तर रोज त्याला शिव्या देतेस.”

“आयलीन, तो भुंकला नाही.” ती परत फिरली. कुंपणाशी उभी राहून तिने घर खालपासून वरपर्यंत बघितलं. तिचा श्वास मला दिसत होता, तुटक तुटक. “काच बघ त्याची.”

“काय बघू?”

“एदुविनाची बघ आणि मग याची बघ.”

एदुविनाने त्या सकाळी चूल पेटवली नव्हती. तिच्या काचेवर आतून बर्फाची पानं उमटली होती. ताताची काच मात्र ओली होती. वरून थेंब ओघळत होते.

“आत ऊब आहे,” नोल्फा म्हणाली.

“असू दे की. चांगलंच आहे.”

“चूल पेटलेली आहे. मग धूर कुठे आहे?”

मी वर बघितलं. मूर्खासारखी वर बघत राहिले, जणू आता येईल. “आज सुकं लाकूड घातलं असेल...”

“कालचं लाकूड रातोरात सुकलं?” तिचे ओठ पांढरे पडले होते. “त्याने धुराड्याची झडप लावलीय. पूर्ण. बाबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, निखाऱ्यावर झडप घट्ट लावायची नाही, लावायची नाही, न दिसणारा विषारी वायू घरात कोंडतो. लाकूड उतरवायच्या आधी सांगायचे. ताता! ताता फ्लोरिदोर!”

कुणी ओ दिली नाही.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की रस्त्यावर बर्फ आहे, वीस मिनिटं लागतील, रुग्णवाहिकेलाही सांगतो, तुम्ही बाहेरच थांबा. मी ते नोल्फाला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मला थांबायचंच होतं. आत काय दिसेल याची भीती, परवानगी नसताना शिरलो तर नोकरी जाईल याचीही. दोन्ही भीती मी ‘नियम’ या एका शब्दात बांधून तिच्यापुढे ठेवल्या.

“नियम आहे, नोल्फा.”

ती थरथरत होती. मला वाटलं आता माझी बाही पकडेल. तिने फाटक ढकललं आणि धावत सुटली.

दाराला आतून कडी होती. तिने रचलेल्या ढिगातलं एक लाकूड उचललं आणि दाराशेजारच्या खिडकीवर घातलं. पहिल्या घावात काच तडकली, दुसऱ्यात फुटली. चौकटीच्या फटीत ओली फडकी कोंबलेली होती, दाराखालीसुद्धा. म्हाताऱ्याने एकही फट सोडली नव्हती. आपल्या घरातून धुराची एक फुंकरसुद्धा बाहेर पडू नये, म्हणून.

“श्वास धर,” ती म्हणाली, “आणि मी सांगेपर्यंत आत येऊ नकोस.” हात आत घालून तिने कडी काढली.

मला वाटलं होतं धुराचा लोट अंगावर येईल. काहीच आलं नाही. उबदार, शिळी, स्वच्छ हवा आली. त्याचीच मला आजही सगळ्यांत जास्त भीती वाटते. खोलीत सगळं नीट दिसत होतं: टेबल, किटली, भिंतीवरचं कॅलेंडर. दारापाशी कापितान आडवा. चुलीजवळच्या बाकावर ताता, अंगावर घोंगडं, गाल लालबुंद. दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा, निरोगी दिसत होता.

नोल्फाने त्याच्या खालचं मेंढीचं कातडं धरून ओढलं. तो कातड्यासकट जमिनीवर आला. “पाय धर! आता!” मी पाय धरले. इतका जड माणूस मी कधी उचलला नव्हता. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं आणि नोल्फा ओरडली, “माफ करा, ताता, माफ करा!” आणि तरी ओढत राहिली.

समोरून एदुविना गरजली, “आता काय म्हाताऱ्याला घरातून फरपटत नेताय? धुरासाठी? लाज वाटत नाही, भवान्यांनो?”

मग तिला त्याचा हात दिसला, बर्फावरून नुसता घसरत येणारा. ती तशीच घरात गेली आणि मिळतील तेवढी पांघरुणं घेऊन मोज्यांवर पळत आली.

मी कुत्र्याला पट्ट्याने ओढून आणलं. वळून बघते तर नोल्फा पुन्हा आत.

“वेडी आहेस का? ये बाहेर!”

आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तिने झडप उघडली होती. छपरावर काळाकुट्ट धूर उसळला, आणीबाणीच्या दिवशी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. ती बाहेर येऊन गुडघ्यांवर पडली, ओकली, आणि तशीच रांगत ताताजवळ गेली.

“श्वास घेतोय का? एदुविना, घेतोय का?”

“घेतोय. बारीक. तू त्याचे पाय चोळ, मी छाती बघते. चोळ गं, बघत काय बसलीस!”

दोघी चोळत राहिल्या. कापितान एकदा उठला, दारू प्यायल्यासारखा चालला, पडला, पुन्हा उठला. रुग्णवाहिका बावीस मिनिटांनी आली.

रुग्णालयात आम्ही दिवसभर बसून होतो. साहेबांचा मला फोन आला. “आत का शिरलात?” मी म्हणाले, माणूस मरत होता. “ते तुम्हाला बाहेरून कसं कळलं?” मी म्हणाले, धूर दिसला नाही म्हणून. “लेखी द्या,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नोल्फा भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“एक फुंकरसुद्धा नाही, असं कोण म्हणालं?”

“नोल्फा, पुरे.”

“तू तिथे होतीस. कोण म्हणालं? तो मेला तर त्याला कुणी मारलं, ते सांग. यास्नाला काय सांगू मी? तुझ्या छातीसाठी म्हणून...”

पाचच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. वाचला, म्हणाल्या. अजून अर्धा तास तसाच राहिला असता तर नसता वाचला. डोकं दुखेल, काही दिवस विसराळूपणा राहील, पण वाचला. दोघी दोन मिनिटं आत जाऊन या.

नोल्फा पुढे गेली, मी मागे. त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. गालांचा तो लाल रंग उतरला होता, आता तो आपल्या वयाचा दिसत होता. त्याने डोळे उघडले. नोल्फाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. नजर पिवळ्या जाकिटावर पडली आणि तिथेच थांबली. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली, आणि मुखवटा एका बोटाने बाजूला केला.

“बाई,” म्हणाला. काल पोरी म्हणत होता. “बाई, दिसला का?”

“काय, ताता?”

“धूर. दिसला का?”

नोल्फाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “नाही, ताता. नाही दिसला.”

“मग लिहू नका. मी दिला होता शब्द.”

“नाही लिहिणार.”

“जीव ओतून बंद केलं होतं. सगळं बंद केलं होतं, बाई.”

तिने जाकीट काढायला सुरुवात केली. चेन अडकली. ती ओढत राहिली, तो त्या चेनकडे बघत राहिला, आणि यंत्रावरचा ठोक्यांचा आकडा भराभर चढायला लागला. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

व्हरांड्यात नोल्फाने जाकीट डोक्यावरून उपसून काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. “मला कुणी घाबरत असेल, हे मला ठाऊकच नव्हतं गं,” ती म्हणाली. “मला? मला कोण घाबरणार?”

थोड्या वेळाने नर्स दारात आली. “आजोबा विचारताहेत, ती पिवळी बाई गेली का.”

मी नोल्फाकडे बघितलं.

“गेली म्हणून सांगा,” ती म्हणाली, आणि तिथेच, दाराच्या अलीकडे, थंडगार बाकावर नुसत्या स्वेटरमध्ये बसून राहिली.